चौकटीच्या वहीतलं संगीत

१९८० साली जपानच्या रोलंड कंपनीने टीआर-८०८ नावाचं तालयंत्र बाजारात आणलं. त्याच्या खालच्या कडेला सोळा बटणांची एक रांग होती. पहिली चार लाल, पुढची चार नारिंगी, त्यापुढची चार पिवळी आणि शेवटची चार पांढरी. यंत्र सुरू केलं की एक उजेड डावीकडून उजवीकडे या सोळा बटणांवरून धावायचा आणि शेवट गाठला की पुन्हा पहिल्यावर यायचा. ज्या घरात खूण केलेली असेल तिथे तो पोचला की ठोका वाजायचा, खूण नसेल तिथून तो गुपचूप पुढे जायचा. हे यंत्र वाजवायला ना स्वरलिपी यावी लागायची, ना हात तयार असावा लागायचा. सोळा घरांपैकी कुठली भरायची आणि कुठली मोकळी सोडायची, एवढंच ठरवायचं.

८०८ जेमतेम तीन वर्षं बनलं आणि त्याचे सुमारे बारा हजारच नग निघाले. पण ती सोळा घरं काही गेली नाहीत. आज लॅपटॉपवरच्या जवळजवळ प्रत्येक संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि मोबाईलवरच्या फुकट अ‍ॅपमध्येही ती आहेत. घरच्या घरी गाणं बनवायला शिकायचं असेल तर सुरुवात या सोळा घरांपासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

सहसा हे शिक्षण उलट्या टोकाने सुरू होतं. सॉफ्टवेअर उघडलं की स्क्रीनभर खटके, दांड्या आणि आकडे दिसतात. शिकवणारा एकेकाची ओळख करून द्यायला लागतो: हा कॉम्प्रेसर, हा थ्रेशोल्ड, हा रेशो. शिकणाऱ्याच्या हातून अजून एक साधा ठेकाही वाजलेला नसतो. दोन दिवसांत उत्साह ओसरतो आणि ‘हे आपलं काम नाही’ असं म्हणून तो सॉफ्टवेअर बंद करतो. यात त्याचा काहीच दोष नाही. त्यातलं प्रत्येक बटण कुठला तरी प्रश्न सोडवण्यासाठी आहे, आणि ते प्रश्न त्याला अजून पडलेलेच नाहीत. प्रश्न पडायचे तर आधी काहीतरी वाजायला हवं. वाजवण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता चित्र काढण्याचा आहे.

तेव्हा प्राथमिक शाळेत गणिताला लागते ती चौकटीची वही घ्या, आणि दोन-चार रंगीत पेन्सिली. आडव्या ओळीत सोळा चौकटी मोजा, दर चार चौकटींनंतर एक ठळक उभी रेघ मारा. अशा तीन ओळी एकाखाली एक आखा. सगळ्यात खालची ओळ किकची, म्हणजे ड्रमच्या संचातला पायाने वाजवायचा मोठा ढोल. मधली स्नेअरची, तिचा आवाज कोरडा, टपकन येणारा. वरची हाय-हॅटची, म्हणजे एकमेकींवर आपटणाऱ्या दोन पातळ झांजांची. आता अशा चौकटी रंगवा:

हाय-हॅट: ○○●○ | ○○●○ | ○○●○ | ○○●○
स्नेअर: ○○○○ | ●○○○ | ○○○○ | ●○○○
किक: ●○○○ | ●○○○ | ●○○○ | ●○○○

डावीकडून बोट सरकवत तोंडाने म्हणून पाहा: धप्, च्, टप्, च्, धप्, च्, टप्, च्. (‘टप्’च्या जागी किकही खाली आहेच, ती पायाने द्या.) हा डिस्कोचा ठेका. वेग १२० ठेवला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, तर चार चौकटींचा एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो, एक चौकट एक अष्टमांश सेकंदाची आणि सबंध ओळ दोन सेकंदांची. या दोन सेकंदांच्या चित्रावर जगातले कितीतरी लोक रात्रभर नाचले आहेत.

कागदावरचं हे चित्र ऐकायचं असेल तर काही विकत घ्यावं लागत नाही. बर्लिनच्या एबलटन कंपनीने २०१७ मध्ये ‘लर्निंग म्युझिक’ नावाचं पान सगळ्यांसाठी खुलं केलं. इंटरनेटवर नुसतं उघडायचं आणि चौकटींवर टिचक्या मारायच्या. टिचकी मारली की चौकट रंगते आणि तिची वेळ आली की वाजते. एक शब्दही वाचण्याआधी माणूस ठेका बनवून बसलेला असतो. सुरांसाठी गुगलच्या क्रोम म्युझिक लॅबमध्ये ‘साँग मेकर’ नावाचं असंच खेळणं आहे. त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आधी खोडरबर घ्या. किकची ओळ पुसून ती अशी भरा:

किक: ●○○● | ○○●○ | ●○○● | ○○●○

बाकीच्या दोन ओळींना हात लावायचा नाही. आता ठेका डोलायला लागतो. आठ चौकटींत तीन ठोके आहेत आणि त्यांच्यातली अंतरं तीन, तीन, दोन अशी आहेत. क्यूबाच्या संगीतात हा आकृतिबंध ‘ट्रेसियो’ म्हणून ओळखला जातो. गॉडफ्रीड टूसां या संगणकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये यातली एक सुंदर गोष्ट दाखवली. आठ चौकटींत तीन ठोके जितके सारख्या अंतराने पसरवता येतील तितके पसरवायचे असतील, तर युक्लिडची मसावि काढायची रीत वापरता येते, आणि उत्तर नेमकं हेच येतं. आठांत पाच ठोके पसरवले तर ●○●●○●●○ मिळतो, तोही क्यूबात वाजणारा ठेका. सहावी-सातवीत मसावि शिकणाऱ्या मुलांना हे त्याच वहीत करून दाखवा. भागाकाराची पायरी खाली उतरते आणि तिचा ताल ऐकू येतो, हे पाहिलेलं मूल गणिताकडे आणि संगीताकडेही वेगळ्या नजरेने बघतं.

८०८ चे चार रंग पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरापासून सुरू होतात हे एव्हाना अनेकांच्या लक्षात आलं असेल. तीनतालाचे विभागही तिथूनच सुरू होतात. हा योगायोग आहे, पण आपल्याकडच्या शिकणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. पंडित भातखंडे यांच्या पद्धतीत समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, फुलीची खूण, खालीला, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायच्या जागेला, शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. म्हणजे मात्रांची घरं आखून त्यांत बोल भरायची सवय आपल्याला शंभर वर्षांपासून आहे. आता त्या बोलांचं चित्र काढून पाहू. धा आणि धिं यांत दोन्ही हात वाजतात, तिं आणि ता यांत डग्गा गप्प असतो. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा हा ठेका दोन ओळींत मांडला तर:

तबला: ●●●● | ●●●● | ●●●● | ●●●●
डग्गा: ●●●● | ●●●● | ●○○○ | ○●●●

‘खाली’ ही गोष्ट शब्दांत समजावताना गुरूंची दमछाक होते, ती इथे एका नजरेत दिसते. डग्ग्याच्या ओळीत चार घरांचं भोक आहे. नीट पाहा: हात नवव्या मात्रेला खाली दाखवतो, पण डग्गा थांबतो दहावीपासून, आणि परततो चौदावीला, समेच्या तीन घरं अलीकडे. समेची चाहूल लागते ती त्या परत आलेल्या घुमाऱ्यामुळे. वर्षानुवर्षं मैफली ऐकणाऱ्यांनाही ही दहा आणि चौदाची गंमत चित्र पाहिल्यावर नव्याने कळते.

सॉफ्टवेअरमध्ये हा ठेका भरताना एक हिशोब मात्र सांभाळावा लागतो. तिथली चौकट म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, आपली चौकट म्हणजे सबंध मात्रा. मिनिटाला १६० मात्रांची लय हवी असेल तर टेम्पो ४० ठेवायचा. हे माहीत नसलं तर पहिल्याच प्रयत्नात तीनताल सुसाट सुटतो आणि आपलं कुठे चुकलं ते कळत नाही. दादरा किंवा खेमट्यासारखे सहांचे ताल सोळांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी ओळच बारा घरांची आखायची, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते.

चौकटीने पहिला ठेका मिळतो, पण कुठलाही चांगला ढोलकीवाला चौकटीच्या बरोबर मध्यावर थाप मारत नाही. काही थापा तो केसभर मागे ठेवतो, काही पुढे ओढतो, काही दाबतो. अमेरिकेच्या रॉजर लिन यांनी आपल्या तालयंत्रांत ‘स्विंग’ नावाची सोय केली ती याचसाठी. प्रत्येक जोडीतली दुसरी चौकट थोडी उशिरा वाजवायची. पन्नास टक्के म्हणजे अगदी सरळ चाल, सहासष्ट टक्के म्हणजे ठोक्याचे तीन भाग केल्याचा झोका. मधल्या आकड्यांवर हळूहळू फिरत राहा. ठेका आळसावल्यासारखा वाटतो, मग डुलतो, मग लंगडतो. आकडा वाचून हे समजणार नाही, कान लावूनच समजेल. त्यानंतर प्रत्येक थापेचा जोर वेगळा करा. हाय-हॅटच्या सगळ्या चौकटी एकाच जोराने वाजत असतील तर ऐकणारा अर्ध्या मिनिटात कंटाळतो.

ताल डावीकडून उजवीकडे वाचला, आता सूर खालून वर वाचू. वहीच्या डाव्या कडेला खालून वर सा रे ग म प ध नि सां लिहा. जो सूर हवा त्याच्या ओळीत, जेव्हा हवा तेव्हाच्या चौकटीत रंग भरा. जितका वेळ सूर टिकायला हवा तितक्या चौकटी सलग रंगवा. सॉफ्टवेअरमध्ये या चित्राला पियानो रोल म्हणतात, आणि हे चित्र संगणकापेक्षा बरंच जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपोआप वाजणारे पियानो निघाले, त्यांत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरायची. भोक जिथे, तिथली पट्टी दाबली जायची, आणि भोक जितकं लांब तितका सूर लांबायचा. तेव्हाचं भोक आजच्या स्क्रीनवर रंगीत पट्टी झालं आहे.

‘साँग मेकर’ उघडून सप्तकाच्या पर्यायांत पेंटाटॉनिक निवडा. पाच सूर उरतात: सा रे ग प ध. ही भूपाची स्वरमाला आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांना पहिला राग म्हणून भूपच शिकवतात. मुलांना यात वाटेल तशी चित्रं काढू द्या. डोंगर, जिना, स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर. पाचच सूर असल्यामुळे कुठलंही चित्र कानाला खटकत नाही. खटकत नाही म्हणून मूल थांबत नाही, आणि न थांबता खेळत राहिलं की त्याच्या लक्षात यायला लागतं की जिन्याचा आवाज चढतो, डोंगराचा चढून उतरतो, आणि एकाच ओळीतल्या सलग चौकटींचा आवाज जागच्या जागी राहतो. चालीचा आकार म्हणजे काय हे याहून सोपं करून सांगता येईल असं मला वाटत नाही.

तरीही याला भूप म्हणू नका. देसकारालाही हेच पाच सूर लागतात. भूप गंधारावर विसावतो, देसकार धैवताला धरून वरच्या अंगाने फिरतो, आणि त्यामुळे एक संध्याकाळचा होतो, दुसरा सकाळचा. दोघांच्या ओळी तशाच्या तशा असतात, बदलतो तो रंगाचा मुक्काम. वहीत दोन पानं करा. एकावर गंधाराच्या चौकटी लांब ठेवा आणि धैवत नुसता स्पर्शापुरता. दुसऱ्यावर नेमकं उलट. मग दोन्ही वाजवा. राग पुरता उभा राहणार नाही, पण दोन पानांत काहीतरी मुळातून वेगळं आहे हे लहान मुलालाही कळतं. पुढे गुरूंकडे गेल्यावर वादी-संवादी हे शब्द त्याला परके वाटणार नाहीत.

चौकटीत मावत नाही ती मींड. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर राहतो, आणि तिथे रंग भरायला जागाच नसते. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी यातून एक वाट काढली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवलेला हा कलावंत. त्यांच्याकडे रोलंडची तीन यंत्रं होती: तालासाठी आपलं ८०८, सुरावटीसाठी ज्युपिटर-८, आणि खर्जासाठी टीबी-३०३ ही छोटी पेटी. ३०३ बनवली होती गिटारवाल्यांना सरावाला बासची साथ मिळावी म्हणून. पण तिच्यात प्रत्येक घराला ‘स्लाइड’ची खूण करता यायची: या घरातला सूर पुढच्या घरातल्या सुराकडे घसरत जाईल. या संचावर त्यांनी भैरवी, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने तबकडी काढली, तिला फारसं कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीने ती पुन्हा प्रसिद्ध केली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. शिकागोत १९८७ च्या सुमारास याच ३०३ मधून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं संगीत जन्मलं असं मानलं जात होतं, आणि इथे त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत तसाच आवाज वाजला होता. चरणजित सिंग २०१५ साली गेले. जगाने उशिरा का होईना दिलेली दाद त्यांना स्वतः ऐकता आली, याचा मला मनापासून आनंद आहे. नव्याने शिकणाऱ्याने ही तबकडी जरूर ऐकावी. ती सोळा घरंही तीत ऐकू येतात आणि त्या घरांच्या भिंती ओलांडणारा सूरही.

इथवर आपण यंत्राला काय वाजवायचं ते सांगितलं. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित केला की वेगळंच चित्र समोर येतं. मोबाईलच्या रेकॉर्डरवर एक टाळी वाजवा आणि तिचा आलेख मोठा करून बघा. सुरुवातीला उभा सुळका आणि मग पटकन निमुळतं होत जाणारं शेपूट. आता पेटीचा एक सूर धरून ठेवा. सुळका नाही, भाता चालेपर्यंत सारख्या जाडीचा पट्टा. आवाज कसा उगवतो, किती टिकतो आणि कसा मावळतो, याचा हा आकार. वाद्य ओळखताना आपला कान या आकाराकडे फार लक्ष देतो. पियानोच्या मुद्रणातली सुरुवातीची थाप कापून टाकली तर उरलेला आवाज पियानोचा आहे हे ओळखणं अवघड होऊन बसतं.

याच चित्रात मुद्रणातली सगळ्यात मोठी चूकही दिसते. आवाज फार मोठा आला की आलेखाचे शेंडे सपाट होतात, वरून कुणी विळ्याने छाटल्यासारखे. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा आहे आणि तिच्यावरचं काही साठवलंच जात नाही. छाटलेला शेंडा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरता परत येत नाही. म्हणून मुद्रण करताना सर्वांत मोठा आवाज उणे सहा ते उणे बारा डेसिबलच्या दरम्यान राहील असं बघावं. आवाज नंतर वाढवता येतोच.

क्रोम म्युझिक लॅबमध्ये ‘स्पेक्ट्रोग्राम’ नावाचा एक विभाग आहे, आणि मला या सगळ्या खेळांत तो सर्वांत प्रिय आहे. माइक चालू करून शीळ घाला: एकच बारीक रेघ उमटते. आता त्याच सुरावर ‘आ’ लावा: एकावर एक अनेक रेघा. खालची रेघ तुमचा मूळ सूर, वरच्या त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असेल, तर वरच्या रेघा २७८, ४१७, ५५६ अशा चढत जातात. आता ‘स्स्स’ म्हणा. रेघा नाहीशा होतात आणि वरच्या बाजूला, चार हजार हर्ट्झच्या पुढे, धुक्याचा ढग जमतो. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, म्हणजे तो ढग तारेत शिरायचाच नाही. ‘स’ आणि ‘फ’ यांची तिथे गल्लत का व्हायची ते या चित्रावरून कळतं.

घरात तबला असेल तर तो या चित्रासमोर वाजवा, आणि शेजारी स्टीलचं पातेलं किंवा साधा डफही. कुठल्याही साध्या कातड्याच्या वाद्यात मूळ कंपनांच्या वरची कंपनं पूर्णांकी पटीत येत नाहीत. ती १.५९, २.१४, २.३० अशा आडमुठ्या पटींत येतात, म्हणून ढोलाला ठोका असतो पण ठाम सूर नसतो. तबल्याच्या ‘ना’मध्ये मात्र रेघा शिस्तीत दिसतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये याबद्दल लिहिलं. मृदंग आणि तबल्याच्या मध्यावरची शाई कातड्याला वजन देते, आणि थरावर थर देत घोटलेल्या त्या वजनामुळे कंपनं दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींवर येऊन बसतात. शाई लावणाऱ्या कारागिरांनी हे गणित कानाने सोडवलं होतं. आज स्क्रीनवरच्या त्या सरळ रेघा बघताना त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

हे चित्र वाचता आलं की मिक्सिंगची, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत नीट बसवण्याची, भीती निम्मी होते. डेव्हिड गिब्सन यांनी १९९७ साली ‘द आर्ट ऑफ मिक्सिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात वाक्यांइतकीच चित्रं आहेत. दोन स्पीकरच्या मधली हवा ही एक खोली आहे असं ते मानतात. प्रत्येक वाद्य म्हणजे या खोलीत तरंगणारा एक रंगीत पारदर्शक गोळा. तो डावीकडे की उजवीकडे, हे पॅनच्या खटक्याने ठरतं. मोठा आवाज केला की गोळा पुढे येतो, लहान केला की मागे जातो. वर की खाली, हे त्याच्या कंपनांवरून: झांजा छताजवळ, डग्गा जमिनीजवळ. खर्जाचे गोळे मोठे, जास्त जागा खाणारे.

कागदावर असा चौकोन काढा आणि टिकल्यांचं पाकीट घ्या. मोठी टिकली डग्ग्याची, खाली मधोमध. बासची दुसरी मोठी टिकली लावायला गेलात की ती पहिलीवरच चढते. एसटीत एका सीटवर दोघांनी रुमाल टाकावा तसा हा प्रकार, एकाला सरकावंच लागतं. ईक्यू, म्हणजे आवाजातली ठरावीक कंपनं कमी-जास्त करायची सोय, याच कामासाठी आहे: डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास राखायचा असेल तर बासमधला तेवढा भाग थोडा उतरवायचा. गाणाऱ्याच्या आवाजाखाली ८० हर्ट्झच्या आत बहुधा काहीच नसतं. असते ती पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा गडगडाट, तेवढं कापून टाकलं तर गाणं लगेच मोकळं होतं. नवशिक्याला मी एवढंच सांगेन की आवाज वाढवण्याआधी शेजारच्याचा कमी करून बघा.

कॉम्प्रेसर आलेखावर सहज दिसतो: उंच सुळके दाबून बुटके करायचे, मग सगळाच आलेख थोडा वर उचलायचा. चारास एक असं प्रमाण ठेवलं तर ठरलेल्या रेघेच्या वर आठ डेसिबल गेलेला आवाज दोनच डेसिबल वर राहतो. कुजबुज आणि आरोळी दोन्ही असलेल्या गायनाला याची गरज पडते, एकसुरी वाजणाऱ्या पेटीला क्वचित. रिव्हर्ब म्हणजे खोलीचा आकार. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून सतरा मीटरवरच्या भिंतीवरून टाळीचा आवाज एक दशांश सेकंदात परत येतो. तीच टाळी घरात आणि एखाद्या दगडी देवळाच्या सभामंडपात मुद्रित करून दोन आलेख शेजारी ठेवा, दुसऱ्याचं शेपूट किती लांबतं ते बघा. सॉफ्टवेअरमधला खटका फिरवून आपण ते शेपूट कमी-जास्त करत असतो. नव्या माणसाला ते फार आवडतं आणि तो सगळ्या वाद्यांना लावतो. मग सगळेच गोळे खोलीच्या मागच्या भिंतीला चिकटतात आणि गाणं दूर कुठेतरी लग्नाच्या हॉलमध्ये चाललं आहे असं वाटतं. आधी फक्त गायनाला लावून बघा.

राहिली गाण्याची बांधणी. १९८९ साली अटारी संगणकावर ‘क्यूबेस’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. त्याच्या स्क्रीनवर सबंध गाणं आडव्या ठोकळ्यांच्या रूपात पसरलेलं दिसे: प्रत्येक वाद्याची एक ओळ, ते वाजतं तिथे ठोकळा, थांबतं तिथे मोकळी जागा. तेव्हापासून जवळपास सगळी सॉफ्टवेअरं असाच नकाशा दाखवतात. तो वाचायला शिकण्यासाठी आवडतं गाणं घ्या, शक्यतो पाठ असलेलं. वहीत दर चार आवर्तनांना एक चौकट धरा, प्रत्येक वाद्याला एक ओळ द्या आणि गाणं ऐकत रंग भरत जा. पहिल्या ऐकण्यात तबला आणि आवाज एवढंच भरलं जाईल. मग बासरी कुठे येते ते सापडेल, मग व्हायोलिन, मग इतकी वर्षं न ऐकलेली एखादी झांज. मराठी भावगीताचा नकाशा काढला तर एक गोष्ट ठळक दिसते: मुखडा आणि अंतऱ्याच्या मधल्या संगीताच्या तुकड्यात ओळी गच्च भरलेल्या असतात, आणि शब्द सुरू होताच त्यांतल्या बऱ्याच मोकळ्या होतात. कवितेला जागा करून दिलेली असते. ही जागा संगीतकाराने आधीच ठरवून राखलेली असते, मिक्सिंगमध्ये नंतर काढलेली नसते.

स्वतःच्या पहिल्या गाण्याला चार ओळी पुरेत: ताल, खर्ज, एक सुरावट आणि एक आवाज. लांबी दोन मिनिटं. या नकाशातल्या आठ चौकटींहून जास्त वेळ कुठलीही ओळ न बदलता चालू राहिली तर तिला एकदा थांबवून पाहा. तयार झालं की फाइल काढून आधी हेडफोनवर ऐका आणि मग मोबाईलच्या स्पीकरवर, कारण बहुतेक लोक तिथेच ऐकणार आहेत. मोबाईलच्या इवल्या स्पीकरला खोल खर्ज बाहेर काढता येत नाही, त्यामुळे तुम्ही जीव लावून बसवलेली बासची ओळ तिथे गायब होईल. अशा वेळी खर्जाचा आवाज वाढवून काही मिळत नाही. त्या ओळीची एक प्रत करा, ती एक सप्तक वर न्या आणि मूळ ओळीसोबत हलक्या आवाजात वाजू द्या. वरच्या रेघा कानावर पडल्या की खालची हरवलेली रेघ मेंदू स्वतः भरून काढतो. मग फाइल पुन्हा काढा आणि तोच मोबाईल हातात धरून बास ऐकू येतो का ते बघा.